पिकअपला जड ट्रेलर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं साधारण दोन ते साडेतीन टनांच्या, मागच्या बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे असलेल्या लोखंडी गोळ्यावर, जोडायच्या ट्रेलरबद्दल आहेत. त्यात सामानाचा दुहेरी एक्सलचा ट्रेलर आला, एखादी मोटार वाहून नेणारा आला, मोठी होडी किंवा कॅराव्हॅनही आली. पिकअपच्या हौद्यात बसवायच्या गूजनेक आणि फिफ्थ व्हीलचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ४,५०० किलो लिहिलीय. मग ३,००० किलोचा ट्रेलर सहज ओढला जाईल ना?

इंजिन ओढेल. गाडीला झेपेल का, ते अजून ठरायचं आहे.

माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो काढायची. २००८ साली एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ नावाचं मानक आणलं, तेव्हा या चाचणीला एक ठरलेली चौकट मिळाली. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांब चढ, भर उन्हाळ्यातली उष्णता, एसी पूर्ण चालू, आणि गाडीत ड्रायव्हर व एक सोबती, प्रत्येकी १५० पौंड म्हणजे ६८ किलो धरलेले. मानक चांगलं आहे, पण त्या गाडीत तुमची मुलं, जनरेटर आणि हत्यारांची पेटी बसलेली नाहीत.

आता खरा हिशोब करून बघू. समजा गाडीचं कमाल परवानगी वजन ३,२०० किलो आहे आणि टाकी भरून रिकाम्या गाडीचं वजन २,३५० भरलं. उरले ८५० किलो. चार माणसांचे २८० गेले, ५७० राहिले. हिच (गाडीच्या चॅसीला मागे बसवलेली जोडणीची चौकट) आणि बॉल माउंट (तिच्यात अडकणारा, बॉल धरणारा तुकडा) यांचे ३५ वजा केले, ५३५. हौद्यात १२० किलोचं सामान टाकलं, ४१५. तीन टनांच्या ट्रेलरचा १२ टक्के भार बॉलवर आला तर ते झाले ३६० किलो. हातात ५५ किलो राहतात. तोच भार १५ टक्के झाला तर ४५० होतो, आणि गाडी ३५ किलोंनी जास्त भरली जाते. ओढण्याच्या मर्यादेत अजून दीड टन शिल्लक असताना गाडी मात्र भरून गेली.

पहिली मर्यादा बहुतेकदा इथेच येते, इंजिनात नाही. म्हणून आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल, ते तिथे तुमच्याच गाडीपुरतं लिहिलेलं असतं. नंतर बसवलेला टप, बंपर, विंच हे सगळं त्यातून वजा करायचं. शिवाय मागच्या एक्सलची वेगळी मर्यादा असते आणि गाडी-ट्रेलर मिळून एकत्रित वजनाची वेगळी. वरच्या उदाहरणात एकत्रित वजन ५,८०० किलोंच्या आसपास जातं. या सगळ्यांतला जो आकडा आधी भरेल, तीच तुमची मर्यादा.

मागच्या सस्पेन्शनला एअर बॅग किंवा जादा पाटे बसवले तर क्षमता वाढते का?

नाही. मागचा भाग बसायचा थांबतो, इतकंच. एक्सल, टायर, ब्रेक आणि चॅसी होते तेच राहतात. गाडी सरळ उभी दिसते म्हणून लोक आणखी भरतात, हा त्यातला खरा धोका.

बॉलवर नेमका किती भार हवा? आणि तो मोजायचा कसा?

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, हा उत्तर अमेरिकेतला रूढ नियम. युरोपात यापेक्षा कमी टक्केवारी चालते. तिथले ट्रेलर आणि तिथली वेगमर्यादा वेगळी आहे, त्यामुळे तिकडचा आकडा उचलून १०० च्या वेगाने निघू नका. हिचवर आणि बॉलवर कोरलेली कमाल मर्यादा दोन्हीकडे पाळायचीच.

बैलगाडी भरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा जातो. ट्रेलरची दांडी हलकी झाली की हेच होतं, फक्त ते ८० च्या वेगात होतं.

मोजायच्या दोन पद्धती आहेत. वजनकाटा जवळ असेल तर ट्रेलर जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर घ्या आणि वजन नोंदवा. मग ट्रेलर सोडून एकट्या गाडीचं वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे बॉलवरचा भार. वजन वाटून देणारी हिच (तिच्याबद्दल पुढे आहे) असेल तर तिचे बार सैल करून मोजायचं, नाहीतर आकडा फसवा येतो.

घरच्या घरी करायचं असेल तर माणसांचं वजन करायचा साधा काटा पुरतो. काटा एका बाजूला ठेवा आणि चार फुटांवर तेवढ्याच उंचीची वीट. दोन्हींवर पाइपचा एकेक तुकडा आडवा टाका आणि त्यांवर जाड लाकडी तुळई ठेवा. आधी रिकाम्या तुळईचा काट्यावरचा आकडा लिहून घ्या. आता विटेवरच्या पाइपपासून बरोबर एक फुटावर, म्हणजे काट्याकडच्या पाइपपासून तीन फुटांवर, ट्रेलरची दांडी जॅकने हळूच तुळईवर टेकवा. काट्यावर दिसेल त्यातून तुळईचा आकडा वजा करून चारने गुणायचं. ९० आलं तर भार ३६० किलो. जमीन सपाट हवी, ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे हवेत आणि दांडी प्रवासात असते त्याच उंचीच्या आसपास हवी.

सामान भरताना काय बघायचं?

६० टक्के सामान एक्सलच्या पुढे आणि ४० टक्के मागे, असं सगळीकडे सांगतात. सुरुवातीला ठीक आहे, पण या वाक्याच्या भरवशावर भरलेला ट्रेलर मोजल्याशिवाय बाहेर काढू नका. जड वस्तू खाली आणि एक्सलच्या जवळ ठेवायची. तोल साधायला एक जड पेटी अगदी पुढे आणि दुसरी अगदी मागे ठेवली तर बॉलवरचा भार बरोबर येतो, तरी ट्रेलर डंबेलसारखा होतो. एकदा फिरायला लागला की थांबत नाही. मोटार चढवली असेल तर ती फूटभर पुढे-मागे करून भार हवा तसा आणता येतो. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि टाकी एक्सलच्या मागे असली तर ती भरली की दांडी हलकी होते.

कोणता बॉल घ्यायचा?

कपलरवर, म्हणजे दांडीच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, लिहिलेल्या मापाचा, त्याच मापाचा. अमेरिकी ट्रेलरना १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच अशी मापं असतात. युरोपीय कपलर ५० मिलिमीटरचे. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, त्यामुळे हे दोन एकच आहेत असं वाटतं. एकच नाहीत, अदलाबदल करू नका.

यात सर्वांत वाईट चूक वेगळीच आहे. २ ५/१६ चा कपलर २ इंची बॉलवर बसतो. कुलूप लागतं, पिन जाते, सगळं व्यवस्थित दिसतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उडी मारून बाहेर येतो.

बॉल, बॉल माउंट, हिच, कपलर, प्रत्येकाची क्षमता वेगळी कोरलेली असते. सर्वांत कमी आकडा धरायचा. हिचच्या स्टिकरवर अनेकदा दोन आकडे असतात, एक नुसत्या बॉलवर भार घेतला तर आणि एक वजन वाटणारी हिच लावली तर. बऱ्याच पिकअपना पहिला आकडा ५,००० पौंड म्हणजे सुमारे २,२७० किलोच असतो, आणि मालकाने तो कधी वाचलेला नसतो.

ही वजन वाटणारी हिच खरंच लागते का?

स्टिकरवर तसं असेल तर वादच नाही. नसेल तरी तीन टनांच्या ट्रेलरला मी लावाच म्हणेन. बॉल मागच्या एक्सलच्या बराच मागे असतो. तिथे ३६० किलो ठेवले की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं. वळवणं आणि ब्रेकचं मोठं काम तीच चाकं करतात. या हिचचे स्प्रिंग बार तरफेसारखे वाकून थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या एक्सलवर परत ढकलतात.

बसवताना पुढच्या चाकाच्या कमानीची उंची तीनदा मोजा: ट्रेलरशिवाय, ट्रेलर जोडून बार न लावता, आणि बार लावून. नाक जितकं उचललं गेलं होतं त्यातला निदान अर्धा भाग परत खाली यायला हवा. नेमकं किती, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. नाक मूळ उंचीच्याही खाली गेलं तर बार जास्त ताणलेत. मग मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर?

तीन टनांना ब्रेकशिवाय रस्त्यावर आणू नका. युरोपात ७५० किलोंच्या वर ब्रेक सक्तीचे आहेत, इतर ठिकाणी हा आकडा वेगळा. कायदा बाजूला ठेवला तरी गाडीचे ब्रेक गाडीच्या वजनाला बनवलेले असतात. मागून तेवढंच वजन ढकलायला लागलं तर थांबायचं अंतर किती लांबेल, ते प्रयोग करून बघण्यासारखं नाही.

ब्रेक दोन प्रकारचे भेटतील. एकात ट्रेलर पुढे ढकलला की त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. दुसरे इलेक्ट्रिक, ज्यांना गाडीत कंट्रोलर लागतो. कंट्रोलर घ्यायचा तर प्रोपोर्शनल घ्या. तुम्ही जितक्या जोरात थांबता तितकाच तो ट्रेलर थांबवतो. नुसत्या टायमरवर चालणारा स्वस्त पडतो आणि गर्दीत धक्के देतो.

गेन, म्हणजे कंट्रोलर ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लावेल तो आकडा, लावायची पद्धत: ट्रेलर भरलेला, रस्ता कोरडा, सपाट आणि मोकळा, वेग ताशी ४० किलोमीटर. पायाने ब्रेक न दाबता कंट्रोलरची हातातली कळ पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं अडकायला लागतील तिथपर्यंत गेन वाढवा आणि मग थोडा कमी करा. रिकाम्या ट्रेलरला हा आकडा जास्त होतो, म्हणून माल उतरवला की पुन्हा बघायचं.

साखळ्या फुलीसारख्याच का लावतात?

दांडी निसटली तर त्या फुलीत झेलली जाते आणि तिचं टोक रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणणार नाहीत इतक्या लांब आणि रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड हव्यात. लांब वाटल्या म्हणून पीळ देऊन आखडू नका, पीळ दिलेली साखळी कमकुवत होते. गाडी सुटल्यास ट्रेलरचे ब्रेक लावणारी ब्रेकअवेची तार मात्र साखळीला किंवा बॉल माउंटला नाही, थेट गाडीच्या पक्क्या भागाला अडकवायची. बॉल माउंटच निसटून बाहेर आला तर ती तार त्याच्याबरोबर जाऊन काय उपयोग? ट्रेलरवरची तिची बॅटरी चार्ज आहे का तेही बघा. ती बहुतेकांची मेलेली असते.

कपलर नीट बसलाय याची खात्री कशी करायची?

याचं उत्तर मी स्वतःच्या गाडीचं मागचं दार चेपवून शिकलो. अंधारात, घाईत कपलर खाली आणला, कळ दाबली, ‘कट’ आवाज आला, पिन टाकली. बॉल आत गेलाच नव्हता, कपलरची खालची जीभ बॉलच्या डोक्यावरच टेकली होती. दोनशे मीटरवर गतिरोधक आला आणि मागून आवाज झाला. साखळ्यांनी ट्रेलर धरला, पण ब्रेक दाबल्यावर दांडी सरळ दारावर आली.

तेव्हापासून जॅकची चाचणी केल्याशिवाय निघत नाही. कपलर लावला, पिन टाकली की जॅक पुन्हा वर फिरवायचा, गाडीचा मागचा भाग दोन-तीन इंच उचलला जाईपर्यंत. कपलर बसलेला असेल तर तो गाडीला वर घेऊन येतो, नसेल तर तिथेच सुटतो. त्याआधी वाकून, टॉर्च मारून, जीभ बॉलच्या खाली आली आहे का हेही डोळ्यांनी बघायचं. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

चालत्या गाडीत ट्रेलर डोलायला लागला तर काय करू?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरच्या कळीने लावा. गाडीचा ब्रेक दाबू नका, कारण गाडी आखडली की ट्रेलर तिला मागून ढकलून आडवी पाडतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो हा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. क्षणभर होतोही. मग तो आणखी वेगात डोलतो.

स्टिअरिंगने हेलकावे मोडायचा प्रयत्न करू नका. माणसाचा हात नेहमी अर्ध्या क्षणाने उशिरा येतो आणि झोका देणाऱ्यासारखा प्रत्येक हेलकाव्याला हातभार लावतो.

प्रत्येक जोडणीला एक ठराविक वेग असतो. त्याच्या खाली हेलकावे आपोआप विरतात आणि वर गेलं की वाढत जातात. दांडी हलकी असणं, सामान दोन टोकांना असणं, टायरमध्ये हवा कमी असणं, ट्रेलरचं नाक वर असणं, यातल्या प्रत्येक गोष्टीने तो वेग खाली येतो. बाजूने गेलेला ट्रक किंवा आडवा वारा फक्त पहिला धक्का देतो. डोलणं थांबलं की पुढच्या सुरक्षित जागी थांबून सामान पुढे सरकवा. डोलणं रोखणारा अँटी-स्वे बार चांगला आहे, पण तो चुकीच्या भरणीवरचा इलाज नाही.

लांब उतारावर ब्रेकचा वास येतो. सगळ्यांनाच येतो का?

येऊ नये. ५,८०० किलोंची जोडणी ६ टक्के उतारावर ताशी ७० किलोमीटरने जात असेल तर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ६५ किलोवॅट देत असतं. एक किलोवॅटच्या ६५ इस्त्र्या एकदम चालू असल्यासारखं. त्यातलं काही हवा आणि टायर खातात. बाकीचं सतत कुठेतरी जिरवावं लागतं, इंजिनात किंवा ब्रेकमध्ये. ब्रेकमध्ये जिरवलं तर काही किलोमीटरांत पॅड तापून पकड सोडतात.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करायचा आणि खालचा गिअर घ्यायचा. चढायला जो गिअर लागला असता त्याच्या आसपासचाच उतरायलाही. वेग वाढला तर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. एकदा ठामपणे दाबून ताशी दहा किलोमीटर कमी करा, पाय काढा आणि ब्रेकला थंड होऊ द्या. ओढण्याचा मोड असेल तर चालू करा. तो चढावर सारखे गिअर बदलणं थांबवतो आणि उतारावर खालचा गिअर धरून ठेवतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चढावर तापतो. काळजीचं आहे का?

थोडा तापणारच. कमी वेगात, जास्त जोर लावून चढताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) घसरतो आणि ती सगळी घसरण तेलात उष्णता होऊन उतरते. वरचा गिअर सोडून खालच्यात या, इंजिन थोडं ओरडू द्या. त्याला ते चालतं. तापमानाचा काटा चढतच राहिला तर सुरक्षित जागी थांबा, न्यूट्रल किंवा पार्कमध्ये इंजिन चालू ठेवा म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. उंच डोंगरात टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, हेही लक्षात असू द्या.

टायर अजून नवे दिसतात. बदलायला का सांगतात?

ट्रेलरचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात. महिनोन् महिने एकाच जागी उन्हात उभे असतात. बाजूच्या भिंतीवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात: ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही खोल असली तरी बदला. हवा सकाळी थंड असताना, ट्रेलरच्या प्लेटवर लिहिली आहे तेवढी. कमी हवा सर्वांत वाईट, टायर वाकून वाकून आतून भाजतो. ट्रेलरसाठीच्या बऱ्याच एसटी टायरची वेगमर्यादा ताशी ६५ मैल म्हणजे १०५ किलोमीटर असते. गाडी १३० ने जाऊ शकते याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

किती वेगाने चालवावं?

८० ते ९०, तिथली मर्यादा त्याहून कमी असेल तर तेवढंच. ८० वरून १०० वर गेलं की वेग सव्वापट होतो, थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. इंधनही वेगच जास्त खातो. सपाट रस्त्यावर वजनापेक्षा ट्रेलरची उभी भिंत हवा कापायला जास्त घेते, म्हणून उंच रिकामा बंद ट्रेलर कधीकधी भरलेल्या बुटक्या ट्रेलरपेक्षा महाग पडतो.

रिव्हर्स घेताना ट्रेलर उलटाच जातो. युक्ती काय?

हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या बाजूला ठेवा. आता ट्रेलर डावीकडे जायला हवा असेल तर हात डावीकडे न्या, उजवीकडे हवा तर उजवीकडे. डोक्यातला गोंधळ तिथेच संपतो. स्टिअरिंग थोडंच फिरवा आणि परिणाम दिसेपर्यंत थांबा. कोन वाढत चालला तर सुधारत बसू नका, सरळ पुढे जाऊन पुन्हा सुरुवात करा. नाहीतर गाडी आणि ट्रेलरची कात्री होऊन बंपर चेपतो. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा अवघड असतो, तो पटकन वळतो. आणि मागे उभा राहून हात हलवणारा माणूस आरशात दिसत नसेल तर तो नाहीच असं समजून थांबा.

परवाना आणि विमा?

जागेप्रमाणे बदलतं. युरोपीय संघात साध्या बी परवान्यावर ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलरच्या कमाल परवानगी वजनांची बेरीज ३,५०० च्या आत हवी, नाहीतर वेगळी परवानगी किंवा बीई वर्ग लागतो. वरच्या उदाहरणातली जोडणी बी मध्ये बसणार नाही. विमा कंपनीला मात्र कुठेही आधी विचारा. वजनमर्यादा ओलांडलेली असेल तर दावा अडकू शकतो.

निघाल्यावर पहिल्यांदा कुठे थांबायचं?

तीस-चाळीस किलोमीटरवर. ट्रेलरभोवती एक फेरी मारा: पिन, साखळ्या, तार, प्लग, दिवे, सामानाचे पट्टे. पट्टे पहिल्या अर्ध्या तासात हमखास सैल होतात. मग प्रत्येक चाकाच्या मध्यभागी, हबजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. चारही सारखेच कोमट असतील तर ठीक. एकच जास्त गरम असेल तर त्याचं बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक घासतोय, आणि ते तिथेच बघायला हवं. चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर सुमारे ८० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. पाना गाडीतच ठेवा, घरी राहिलेल्या पान्याने नट आवळले जात नाहीत.